काळकड्यावरची मजा

"साहेब, लोकांना मजा येल का नाय, येवढाच मना सांगा," आनंदा केणे म्हणाला, आणि प्रभाकर मायदेवांच्या चेहऱ्यावर ते नेहमीचं तेज आलं. कुणीही सल्ला विचारला की हे तेज यायचंच. विषय माहीत असण्याची अट त्याला नव्हती.

जागा होती डोंबिवलीजवळच्या मानपाड्याच्या मागे, आनंदाच्या गोल्फ कोर्सवरची पत्र्याची शेड. आनंदा स्वतः त्याला 'आपला शेत' म्हणायचा, कारण काही वर्षांपूर्वीपर्यंत तिथे भातच लावत. भावकीतल्या सगळ्यांनी जमिनी बिल्डरला देऊन टॉवर उभे केले, तेव्हा आनंदाने एवढा एक तुकडा हट्टाने राखला, त्यावर गवत लावलं, सहा भोकं पाडली आणि सहा झेंडे रोवले. जमीन सपाट, वाटेत एक झाड नाही, पाणी म्हणाल तर शेडमधल्या माठात. ठाणे-डोंबिवलीतले पंचवीस-तीस निवृत्त लोक दर रविवारी सकाळी तिथे यायचे, काठीने चेंडू मारायचे, चेंडू जिकडे जाईल तिकडे गप्पा मारत चालत जायचे आणि नऊच्या सुमारास आनंदाच्या बायकोच्या, शकूवहिनींच्या हातची गरम तांदळाची भाकरी खाऊन घरी परतायचे. सुखी माणसं होती. मायदेव सोडून. नौपाड्यातल्या या निवृत्त विमा अधिकाऱ्याला नुसतं सुख पुरत नसे. त्यांना खेळाडू असायचं होतं.

आनंदाच्या डोक्यात किडा सोडला होता घोडबंदर रोडच्या एका सल्लागाराने. हा गृहस्थ लॅपटॉप घेऊन आला, पडद्यावर चित्रं दाखवून गेला आणि जाताना माशांचं जेवण जेवून गेला.

"तो बोलला, केणेशेठ, कोर्स तुमचा जाम सोपा हाय," आनंदा सांगत होता. "टॉवरवाल्यांना च्यालेंज पायजे. तलाव खोदा, खड्डे करा, रेती टाका. तो काळकडा हाय ना मुरबाडच्या पुढे, तसा बनवा. मना काय त्यातला समजत नाय. तुमी शिकलेली मानसं. सांगा, आपल्या लोकांना मजा येल?"

काळकड्याचं नाव शेडमध्ये सगळ्यांना ठाऊक होतं. सह्याद्रीच्या पायथ्याशी दऱ्याखोऱ्यांत कोरलेला तो अठरा होलचा कोर्स. मागल्या साली तिथे मोठी राष्ट्रीय स्पर्धा झाली. पोटापाण्यासाठी गोल्फ खेळणारी माणसं आली होती. त्यांतला एकही चार दिवसांत नेमून दिलेल्या फटक्यांत कोर्स पुरा करू शकला नाही. जो जिंकला त्याने बक्षीस घेताना "मला आता घरी जाऊ द्या" एवढंच भाषण केलं म्हणतात.

"येईल का म्हणजे? आनंदा, अरे, खऱ्या खेळाडूला दुसरं काय हवं असतं?" मायदेव उभे राहिले. ते उभे राहिले की लोक भाकरीचा घास लवकर लवकर संपवत. "सोप्या कोर्सवर आपण फक्त चेंडूशी खेळतो. अवघड कोर्सवर माणूस स्वतःशी खेळतो. त्या यातनेत एक आनंद असतो."

"मला नको यातना," डॉ. सलिल चौबळ म्हणाले. ते दातांचे डॉक्टर, मायदेवांच्याच बिल्डिंगमधले. "माझ्या पेशंटनासुद्धा नको असतात."

"तू हौशी आहेस, सलिल."

"आपण सगळेच हौशी आहोत, प्रभाकर. तू गेल्या रविवारी सरळ रेषेतल्या झेंड्यापर्यंत नऊ फटक्यांत पोचलास."

मायदेवांनी हे ऐकलं नाही. न ऐकण्याची त्यांना तीस वर्षांच्या नोकरीची सवय होती.

आनंदा मात्र व्यवहारी माणूस. "मंग असा करू," तो म्हणाला. "आधी आपन चौघं तिकडं खेळून येऊ. तुमी, डाक्टर, बर्वेबाई, आनि मी. साहेबांना मजा आली तर मी जेसीबी बोलावतो. नाय आली तर ऱ्हायला."

म्हणजे पंचवीस-तीस म्हाताऱ्यांचा रविवार आता एकट्या मायदेवांच्या मजेवर टांगला गेला. दुसऱ्या कुणाला हे ओझं वाटलं असतं. मायदेवांना तो सन्मान वाटला.

आता काळकड्यावर कुणीही उठून जाऊ शकत नाही. तिथे 'हँडिकॅप सर्टिफिकेट' लागतं. म्हणजे तुम्ही किती वाईट खेळता याचा अधिकृत दाखला. फार वाईट खेळणाऱ्याला आत घेत नाहीत. हा दाखला देणाऱ्या संघटनेचं कार्यालय कल्याण पश्चिमेला एका बँकेच्या वर होतं आणि तिथे ऋतुराज नावाचा टायवाला तरुण बसला होता. महाराष्ट्रात उन्हाळ्यात टाय घालणारा माणूस कोणत्याही थराला जाऊ शकतो हे मायदेवांनी ओळखायला हवं होतं.

"सर, तुमचा होम कोर्स किती होलचा?"

"सहा."

"दाखल्याला अठरा होल लागतात."

"आम्ही सहा होल तीनदा खेळतो. साही त्रिक अठरा."

"नाही सर. ते सहाच होल झाले. तीनदा."

मायदेवांनी खुर्चीत पुढे सरकून आपली जुनी विमा कंपनी, तिथलं आपलं पद आणि आपल्या सहीचं एकेकाळचं वजन या तीन गोष्टी क्रमाने सांगितल्या. ऋतुराजने त्या क्रमाने ऐकल्या आणि एक फॉर्म पुढे केला. मान्यताप्राप्त कोर्स नसेल तर नोटरी केलेलं हमीपत्र, डॉक्टरांचा दाखला आणि दोन ज्येष्ठ खेळाडूंची शिफारस. आयुष्यभर मायदेवांनी लोकांकडून कागद मागितले होते. तीन प्रतींत. आता ते स्वतः कल्याणच्या कोर्टाबाहेर, टाइपरायटर घेऊन बसलेल्या माणसासमोर स्टुलावर बसले, आणि त्यांना त्यात अन्यायाखेरीज दुसरं काहीही दिसलं नाही.

टाइप करणाऱ्याने 'गोल्फ' हा शब्द ऐकला, मान डोलावली आणि जे लिहिलं त्यावर मायदेवांनी चष्मा विसरल्यामुळे न वाचताच सही केली. घरी नीलाताईंनी ते मोठ्याने वाचलं.

"मी प्रभाकर गजानन मायदेव, वय वर्षे त्रेसष्ट, शपथेवर लिहून देतो की मी गोफ खेळण्यास शारीरिक व मानसिकदृष्ट्या सक्षम असून... अहो, तुम्ही गोफ विणायला चाललात? मंगळागौरीत?"

"टायपिंगची चूक आहे ती."

"मानसिकदृष्ट्या सक्षम, हीसुद्धा?"

नीलाताईंना नवऱ्याच्या खेळाबद्दल राग नव्हता. रविवारी सकाळी चार तास घर शांत असे, याबद्दल त्या गोल्फच्या ऋणी होत्या. पण गेल्या पंधरा दिवसांत हा माणूस पॅसेजमध्ये छत्री घेऊन फटक्याची पोज देत उभा राहू लागला, दिवाणखान्यातल्या आरशाशी हसू लागला, आणि देवघरातल्या समईच्या बाजूने काठी फिरवू लागला, तेव्हा मात्र त्यांनी एक दिवस छत्री उचलून माळ्यावर टाकली.

बाकी तिघांच्या कागदांबरोबर मायदेवांचं हमीपत्रही तसंच, गोफासकट, संघटनेने स्वीकारलं. ऋतुराजने शिक्का बरोबर जागी आहे एवढंच पाहिलं.

बिल्डिंगमध्ये बातमी पसरायला वेळ लागला नाही, कारण ती मायदेव स्वतःच पसरवत होते. वरच्या मजल्यावरची फिजिओथेरपिस्ट संचिता म्हणाली, "काका, कंबर वळवू नका," आणि गोल्फमध्ये कंबर वळवण्याखेरीज काही नसतं हे कळल्यावर म्हणाली, "मग जाऊच नका." तळमजल्यावरचे वर्तक, ज्यांनी आयुष्यात कॅरमखेरीज काही खेळलं नाही, त्यांना मुळातच शंका होती.

"म्हणजे चेंडू आपणच लांब मारायचा?"

"हो."

"आणि मग आपणच शोधायला जायचं?"

"हो."

"मग मारलाच कशाला?"

या प्रश्नाला उत्तर नाही म्हणून मायदेव वर्तकांना अडाणी समजत. खरं तर गोल्फवर आजवर विचारला गेलेला हा सर्वांत समंजस प्रश्न होता.

एका गुरुवारी सकाळी आनंदाच्या भल्यामोठ्या गाडीतून चौघं निघाले. मायदेवांनी नवी पांढरी विजार, नवा फिकट गुलाबी शर्ट, एकाच हातात घालायचा नवा मोजा आणि चोवीस नवे चेंडू घेतले होते. आसावरी बर्वेबाई डोंबिवलीच्या शाळेतून गणित शिकवून निवृत्त झालेल्या. त्यांनी सुती टोपी, गुळपोळ्यांचा डबा आणि सहा जुने चेंडू आणले होते. सलिल यांनी कंबरेला पट्टा बांधला होता. आनंदा आपल्या रोजच्याच कपड्यांत होता, पण नियम पाळायचा म्हणून शर्ट विजारीत खोचला होता आणि त्यामुळे तो लग्नात नवऱ्याच्या बाजूने आल्यासारखा दिसत होता.

पहिल्या होलपाशी एक पाटी होती. काळ्या दगडावर पांढरी अक्षरं: 'सावधान. हा कोर्स अत्यंत अवघड आहे. केवळ निष्णात खेळाडूंनीच खेळावे.' शहाण्या माणसाला थांबवण्यासाठी ही पाटी पुरेशी होती. मायदेवांनी तिच्याशेजारी उभं राहून फोटो काढून घेतला, आणि 'निष्णात' हा शब्द फोटोत नीट आला नाही म्हणून दुसऱ्यांदा काढून घेतला.

त्यांना सामान वाहायला आणि चेंडूवर नजर ठेवायला मिळाली सगुणा. पन्नाशीची, काटक, जवळच्याच वाडीतली. तिने त्या राष्ट्रीय स्पर्धेत मोठमोठ्या खेळाडूंच्या पिशव्या उचलल्या होत्या आणि त्यांना रडताना पाहिलं होतं. तिने मायदेवांचा नवा मोजा पाहिला, पांढरी विजार पाहिली आणि विचारलं, "साहेब, फुडच्या खुणेवरनं मारता न्हवं? म्हातारी मान्सं तिथनंच मारत्यात. दरी वाचते."

प्रत्येक होलवर चेंडू मारायला सुरुवात करायच्या तीन जागा असतात. सर्वांत मागची काळी खूण अट्टल खेळाडूंची, सर्वांत पुढची लाल. बर्वेबाई सरळ लाल खुणेकडे चालू लागल्या. सलिल त्यांच्यामागे. आनंदा त्यांच्यामागे.

"मी काळ्यावरून," मायदेव म्हणाले.

"अरे प्रभाकर, समोर दरी आहे."

"ती सगळ्यांनाच आहे."

"आमच्या खुणा दरीच्या पलीकडे आहेत."

मायदेव काळ्या खुणेवर उभे राहिले. खाली हिरवीगार खोल घळ, पलीकडे झेंड्याभोवतीची नखाएवढी हिरवळ. त्यांनी दीर्घ श्वास घेतला, आरशासमोर घटवलेली पोज घेतली आणि मारला. चेंडू सुंदर उडाला. वीसेक पावलं गेला आणि मग, विचार बदलल्यासारखा, खाली उतरू लागला.

"गेला," सगुणा म्हणाली.

"कुठे?"

"कुठं म्हंजे? दरीत."

दुसरा गेला. तिसरा गेला. चौथा मागच्या बाजूला गेला, तो कसा हे कुणालाच कळलं नाही. पाचवा घळीच्या काठावर थांबला तेव्हा मायदेव तो आणायला उतरू लागले.

"जाऊ नका, साहेब. तिकडं घोणस हाय."

"तुला काय माहीत?"

"मागल्या साली दिल्लीवाल्याला दिसली न्हवं का. तो बॅग टाकून पळाला. बॅग अजून तिथंच हाय."

पहिल्या होलवर सात चेंडू गेले. दुसऱ्यावर तळं होतं, तिथे चार. तिसऱ्यावर कंबरभर गवत होतं. चेंडू त्यात जाताना दिसायचा, पण नंतर तो होता याचा पुरावा उरायचा नाही. सलिल यांनी एका फटक्यात मुळावर काठी हाणली, मनगट मुरगळलं आणि त्याच क्षणी त्यांच्या चेहऱ्यावर सुटकेचा आनंद पसरला. "मला आता खेळता येणार नाही," असं त्यांनी एवढ्या प्रसन्नपणे सांगितलं की मायदेवांना हेवा वाटला. पाचव्या होलनंतर आनंदानेही काठी खाली ठेवली. विळ्याने गवत कापल्यासारखं तो मारायचा, चेंडू कुठेही जायचा, त्याला त्याचं दुःखही नव्हतं. पण मातीकडे बघत तो सगुणाला विचारू लागला की इथे आधी काय पिकायचं. "नाचणी," ती म्हणाली. मग दोघं नाचणीवर बोलत चालू लागली, आणि ते काळकड्यावरचं त्या दिवसातलं एकमेव शहाणं संभाषण होतं.

बर्वेबाईंचं मात्र वेगळंच चाललं होतं. त्या लाल खुणेवरून, एकाच मध्यम लांबीच्या काठीने, टुक टुक करत पुढे जात होत्या. चेंडू दरीकडे गेला की "जा बाबा" म्हणायच्या आणि दुसरा ठेवायच्या. मध्येच उभ्या राहून डोंगर बघायच्या.

"बाई, किती झाले?" मायदेवांनी एकदा विचारलं.

"मोजत नाहीये."

"अहो, तुम्ही गणिताच्या!"

"म्हणून तर. मोजायचं कुठे आणि कुठे नाही, हे मला कळतं."

चौदाव्या होलवर जे झालं ते मायदेव आजही कुणाला सांगत नाहीत. म्हणून इथे सांगणं भाग आहे.

त्या होलच्या हिरवळीला लागून एक वाळूचा खड्डा आहे. खड्डा म्हणजे विहीरच. डोक्याएवढी उभी भिंत, उतरायला लाकडी शिडी. मायदेवांचा चेंडू त्यात जाऊन पडला. तो त्यांचा शेवटचा चेंडू होता. ते उतरले. पहिला फटका भिंतीला लागून त्यांच्या पायाशी आला. दुसराही. तिसऱ्याला चेंडू होता तिथेच राहिला आणि दोन शेर वाळू उडून त्यांच्या तोंडावर आली. आठव्या फटक्याला मागून येणाऱ्या तुकडीतले चार तरुण येऊन काठावर उभे राहिले. दहाव्याला बॅटरीच्या गाडीतून देखरेख करणारा माणूस आला आणि घड्याळाकडे बघून म्हणाला, "सर, आपण दोन होल मागे आहात."

"तुम्ही पुढे व्हा," खड्ड्यातून मायदेवांचा आवाज आला. "मी येतो."

तरुण त्यांना ओलांडून गेले. जाताना एकाने खाली वाकून "ऑल द बेस्ट, अंकल" म्हटलं. फटका क्रमांक सतराला मायदेवांची कंबर धरली. संचिताने सांगितली होती तीच कंबर, तीच जागा. ते वाळूत बसले. गुलाबी शर्टाचा रंग आता ओळखू येत नव्हता. डोळ्यांत वाळू गेली होती, त्यामुळे पाणी येत होतं. निदान सुरुवातीला तरी कारण वाळूच होतं.

आनंदाने वरून डोकावून पाहिलं. सगुणाने वाळू सारखी करायची लांब फावडी खाली सोडली, मायदेवांनी ती धरली आणि दोघांनी मिळून त्यांना शिडीवरून असं वर काढलं, जसा नवरात्रात टेंभी नाक्यावर मंडपाचा खांब उभा करतात. चार जण ओरडत नव्हते एवढाच फरक.

"चेंडू ऱ्हायला खाली," सगुणा म्हणाली.

"राहू दे."

"शिडी हाय, आनते की."

"राहू दे म्हणतो ना!"

परतीच्या वाटेवर आनंदा गाडी चालवत होता. मायदेव पुढच्या सीटवर कंबरेमागे बर्वेबाईंची टोपी आणि सलिलचा पट्टा घेऊन ताठ बसले होते. वाकता येत नव्हतं म्हणून ताठ. मुरबाड मागे पडल्यावर आनंदाने विचारलं.

"मंग साहेब? मजा आली?"

ही वेळ खरं बोलायची होती. तोंडात अजून वाळू होती, आणि सलिल मागे बसून वाट बघत होता. तो वाट बघत होता हेच मायदेवांना सहन झालं नाही.

"मजा?" ते म्हणाले. "आनंदा, मजा हा फार छोटा शब्द आहे. हा अनुभव आहे. माणसाला आतून बदलणारा."

"म्हंजे करायचा तसा?"

"करायचाच."

मागच्या सीटवर सलिल यांनी खिडकीची काच खाली केली आणि बाहेर बघत राहिले.

त्या रात्री नीलाताईंनी पाठीला मलम चोळताना काही विचारलं नाही. पाठ सगळं सांगत होती. मायदेवांनी मात्र दुसऱ्या दिवशी पालथं पडूनच रविवारच्या मंडळींच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर 'काळकडा: एक आत्मशोध' असा मजकूर टाकला. त्याला सत्तावीस अंगठे आले आणि सलिलचा एकही शब्द आला नाही. शनिवारी आनंदाचा दोन ओळींचा निरोप आला: 'उद्या सकाळी सातला जेसीबी येनार. सगल्यांनी या.'

तेव्हा कुठे मायदेवांच्या डोळ्यांसमोर चित्र उभं राहिलं. दर रविवारी दरी. दर रविवारी तळं, गवत, विहिरीसारखे खड्डे आणि काठावर उभा सलिल. आयुष्यभर. पहिल्यांदाच त्यांनी ते नीलाताईंजवळ बोलून दाखवलं.

"अहो, मग सांगून टाका ना," नीलाताई म्हणाल्या.

"काय सांगू? माझा लेख आहे ग्रुपवर."

"लेख कोण वाचतंय? अंगठा देऊन मोकळे होतात सगळे."

एरवी ते सलिलच्या गाडीतून जात, पण आता तिथे बसायची सोय उरली नव्हती. रविवारी सकाळी मायदेव नौपाड्यातून रिक्षाने निघाले. शिळफाट्याच्या रस्त्यावर मेट्रोचे पत्रे, पत्र्यांमधून एकच गल्ली, आणि त्या गल्लीत एक ट्रेलर आडवा. रिक्षावाल्याने इंजिन बंद करून तंबाखू मळायला घेतली. शेवटी मायदेव उतरले आणि कंबरेवर हात ठेवून चालत सुटले. सव्वासातला धापा टाकत पोचले तेव्हा सहाव्या होलशेजारी पिवळं धूड उभं होतं, त्याचा पंजा वर होता, आणि भोवती सगळी मंडळी सुतकी चेहऱ्याने उभी होती.

"आनंदा, थांब!" ते ओरडले. "परवानगी घेतली का? खोदायला महापालिकेचा कागद लागतो."

"हाय कागद."

"तहसीलदारांचा?"

"तोबी हाय. ते भावकीतलेच."

"खालून गॅसची लाइन जाते!"

"ती रस्त्याच्या पलीकडून जाते, साहेब. पलीकडची जमीनबी आपलीच व्हती."

कागद संपले. तीस वर्षांत पहिल्यांदाच मायदेवांकडे मागायला एकही कागद उरला नाही. जेसीबीवाल्याने त्यांचं ऐकायला म्हणून इंजिन बंद केलं, त्यामुळे पुढचं वाक्य जेवढं हळू म्हटलं तेवढं सगळ्यांना स्पष्ट ऐकू गेलं.

"मला मजा आली नाही."

जेसीबीवाल्याने केबिनमधून डोकं बाहेर काढलं.

"एक मिनिटसुद्धा नाही. चोवीस चेंडू हरवले. चौदाव्या होलवर मी खड्ड्यात बसून रडलो. वाळूने नाही. नुसताच रडलो." त्यांनी सलिलकडे पाहिलं नाही. "तसलं काही करू नकोस इथे. इथलं बरं आहे. इथे चेंडू सापडतो."

आनंदाने डोक्यावरचा रुमाल काढून तोंड पुसलं.

"मना ठाव व्हता," तो म्हणाला. "मी बघितला ना तुमाना वरून. पन तुमी बोललाव करायचाच. शिकलेला मानूस बोलला म्हनून मी जेसीबी आनला."

"मला मात्र आली हो मजा," बर्वेबाई मध्येच म्हणाल्या. सगळ्यांनी वळून पाहिलं. "खरंच. डोंगर काय सुंदर होता. मायदेव, तुम्हाला कुणी सांगितलं होतं मागून मारायला? मी लालवरून मारलं, हरवला तो सोडला, दमले तिथे बसून पोळी खाल्ली. मजा यायला काय लागतं! पण रोज नको. वर्षातून एकदा ठीक आहे." मग जरा विचार करून, "इथे एखादा खड्डा असला तरी चालेल. अगदीच सपाट आहे."

मंडळींत कुजबुज झाली. एखादा चालेल, असं बऱ्याच जणांचं मत पडलं. जेसीबीवाला म्हणाला, एकाच खड्ड्यासाठी येवढ्या लांबून आलो, तर निदान तो तरी खोदू द्या. आनंदाने सगळ्यांकडे बघितलं, मग सहाव्या होलच्या उजव्या अंगाला टाचेने एक गोल काढला. "हितं. एकच. ज्याला हौस त्यानी जावा त्यात."

मायदेवांना वाटलं, प्रकरण इथेच संपलं. सलिल त्यांच्याजवळ आले, खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "चल, भाकरी थंड होतेय." बऱ्याच दिवसांनी मायदेवांनी भाषण न करता दोन भाकऱ्या खाल्ल्या. शकूवहिनींनी तिसरी वाढली तेव्हा नाही म्हणाले नाहीत.

खड्डा चांगला झाला. फार खोल नाही, गुडघ्याच्या वर जाईल एवढा, खाडीवरच्या कुणीतरी आणून दिलेल्या पांढऱ्या रेतीचा. त्याला नाव ठेवायचं असं कुणी ठरवलं नव्हतं. पहिल्याच रविवारी सलिलचा चेंडू त्यात पडला आणि आनंदा शेडमधून ओरडला, "डाक्टर, मायदेवात गेला!" लोक हसले. त्यापुढच्या रविवारी तिघांनी तेच म्हटलं, आणि हसलं कुणीच नाही, कारण तोवर ते नावच होतं. 'मायदेव टाळून मार', 'मायदेवातून एका फटक्यात काढला', 'वारा असेल तर मायदेवच', असं ठाण्यापासून डोंबिवलीपर्यंतचे लोक बोलू लागले. बर्वेबाईंनी तर ग्रुपवर सहाव्या होलचा नकाशा टाकला, त्यात बाण काढून लिहिलं होतं: मायदेव.

मायदेवांनी विरोध केला नाही. माणसाच्या नावाने रस्ता असतो, चौक असतो, ग्रंथालय असतं. ते सगळं मात्र मेल्यावर. हयातीत एवढा मान ठाण्यात कुणाला मिळालाय, असं ते नीलाताईंना एकदा म्हणाले. नीलाताईंनी मान हलवली आणि कणीक मळत राहिल्या.

दिवाळीनंतर काही नवी मंडळी यायला लागली. त्यांत अक्षदा नावाची एक बँकेतली तरुणी होती, हसरी, बडबडी. एका सकाळी सहाव्या होलवर मायदेव खड्ड्यात उभे राहून पाचवा फटका घेत होते, तेव्हा ती काठावर येऊन थांबली.

"काका, तुमचा पण मायदेवात गेला? माझा तर दर वेळी जातो. इतका राग येतो ना मला या मायदेवचा!" ती खाली बघून म्हणाली. "कोण होते हो हे?"

मायदेवांनी चेंडूकडे पाहिलं. मग तिच्याकडे.

"होते एक," ते म्हणाले. "फार अवघड माणूस होता."

"आणि तुमचं नाव काय, काका?"

"प्रभाकर," ते म्हणाले, आणि सहावा फटका मारायला वाकले.